रमाकांतकाकांच्या आवाजातलं गणित

कंस आला की रमाकांतकाका "दार उघडा!" असं का ओरडतात, याचा खुलासा मी आतापर्यंत एक मुख्याध्यापक, गणिताच्या एक बाई, एक शिपाई आणि अख्खी वाडी यांच्यापुढे वेगवेगळा केला आहे. वेगवेगळा केल्यामुळे तो कोणालाच पटलेला नाही. म्हणून एकदा सगळं क्रमाने सांगून टाकतो.

मनवा ही माझी मुलगी. नववीत आहे. तिला वाचता येत नाही असं नाही. अक्षरं तिच्यासमोर स्थिर उभी राहत नाहीत, एवढंच. आकडे तर त्याहून वाह्यात. सहा आणि नऊ तिच्या दृष्टीने एकच गृहस्थ आहेत, कधी सरळ उभे, कधी शीर्षासनात. कानाने ऐकलेलं मात्र ती विसरत नाही. दुर्गाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, मोठ्या भावाबद्दल मी तीन दिवाळ्यांमागे काय म्हणालो होतो, ते ती माझ्या आवाजासकट करून दाखवते. त्या भावासमोरही दाखवते.

सहामाहीला ती गणितात नापास झाली आणि शाळेने स्पष्ट सांगितलं की वार्षिकला असंच झालं तर नववी पुन्हा करावी लागेल. मैत्रिणी दहावीत, ही मागे. त्या दिवसापासून मनवाने माझी नक्कल करणंच बंद केलं. तेव्हा मात्र आम्ही घाबरलो.

आमच्याकडे तिच्या या अडचणीचं सरकारी प्रमाणपत्र होतं. ते कसं मिळवलं हा वेगळ्या कथेचा विषय आहे आणि त्या कथेत मी दोनदा चुकीच्या रांगेत उभा राहून डोळ्यांत औषध घालून घेतो. त्या प्रमाणपत्रावर मनवाला परीक्षेत वाचून दाखवणारा माणूस मिळू शकत होता. पण माणूस तिला नको होता.

"बाबा, माणसाला चौथ्यांदा 'परत वाचा' म्हटलं ना, की तो उसासा टाकतो," ती म्हणाली. "मग मी विचारतच नाही. न कळताच लिहून टाकते."

यावर मला एक उसासा आला होता. मी तो गिळला.

दादरच्या प्रिती मॅडम, ज्यांच्याकडे मनवा शिकायला जाते, त्यांनी मग एक अ‍ॅप सुचवलं. पानाचा फोटो काढायचा, फोन ते वाचून दाखवतो. शंभर वेळा वाचून दाखवतो आणि उसासा टाकत नाही. दुसऱ्या मजल्यावरचा उन्मेष लोअर परळला कसलीतरी सोल्युशन्स विकतो. त्याने ते फोनवर चढवून दिलं. फोनमधली बाई मराठी शब्द बरे वाचायची. गणित आलं की मात्र ती सैरभैर व्हायची. वजाबाकीच्या चिन्हाला ती "आडवी रेघ" म्हणे. कंस दिसले की कोणीतरी ओळखीचं न दिसल्यासारखं करून पुढे जाई. वर्ग तिला ठाऊकच नव्हता.

"टेन्शन नको," उन्मेष म्हणाला. "यात ऑप्शन आहे. आकडे आणि चिन्हं तुम्ही स्वतःच्या आवाजात भरू शकता. मग बाकीचं बाई वाचणार, गणित आलं की तुमचा आवाज लागणार. सिम्पल आहे, हेरंबदा."

"सिम्पल आहे" हे शब्द ऐकल्यावर शहाण्या माणसाने चप्पल घालून घराबाहेर पडावं. मी खुर्ची ओढून बसलो.

माझा आवाज चांगला आहे असं माझं मत होतं. मी वर्तमानपत्रात काम करतो. रोज रात्री शेवटचं पान लावताना मजकूर मोठ्याने वाचून तपासतो. त्याच स्पष्टतेने मी एक ते दहा भरले आणि मनवाला ऐकवले.

तिने थोडा वेळ ऐकलं. "बाबा, राग नको येऊ देऊस. पण तुझ्या आवाजात प्रत्येक आकड्याचं निधन झाल्यासारखं वाटतंय."

आमच्या शेवटच्या पानावर निधनवार्ता असतात हे खरं आहे. पण इतकं नव्हतं म्हणायचं. दुर्गाने हसता हसता स्वतः प्रयत्न केला, तेव्हा मनवा म्हणाली, "आईचा सात ऐकला की मला वाटतं मी काहीतरी सांडलंय." मग मी हसलो आणि त्या संध्याकाळी आमच्या घरात पिठलं झालं.

यानंतर वाडीला बातमी लागली. फणसवाडीत बातमी लागायला वर्तमानपत्र लागत नाही, हे मी एक पगारदार म्हणून दुःखाने नोंदवतो. पहिल्या मजल्यावरून सूचना आली की आवाज बाईचाच हवा, गणित बाईच्याच आवाजात डोक्यात शिरतं. तिसऱ्या मजल्यावरून आली की नको, म्हणूनच शिरत नाही. मासे घेऊन येणारी तुळसामावशी टोपली उतरवत म्हणाली, "माजा आवाज काय कमी हाय गो? यक हाळी दिली की चर्नी रोडला ऐकू जातंय." हे सत्य होतं, पण परीक्षा चर्नी रोडला नव्हती.

शेवटी मनवानेच सांगितलं, "रमाकांतकाका."

तळमजल्यावरचे रमाकांतकाका गोदीच्या कचेरीतून निवृत्त झालेले. वाडीच्या गणपतीत हौजीचे, म्हणजे तांबोल्याचे, आकडे तेच पुकारतात. नुसता आकडा पुकारत नाहीत, त्याला एक शेपूट लावतात. बहुतेक वेळा पुढून. "वाडीचा नळ, एक!" "बोलणं बंद, दोन!" म्हणजे नवरा-बायको. "खांदेकरी, चार!" हा पुकारला की म्हातारी मंडळी तिकिटाकडे न बघता आधी एकमेकांकडे बघतात. "साहेब घरी, अठ्ठावन्न!" "नळावरच्या दोघी, अठ्ठ्याऐंशी!" सासू-सून छत्तीस, गळ्यात गळा त्रेसष्ट. आणि मनवाला ज्यासाठी काका हवे होते ते दोन: "पोट खाली, सहा!" आणि "डोकं वर, नऊ!"

मी विचारायला गेलो. काकांनी चष्मा काढून पुसला.

"करू. पण माझ्या अटी आहेत, हेरंब. एक ते नव्वद ओळीने म्हणणार नाही. तो पाढा झाला, हौजी नाही. डब्यातून गोटी निघेल तसा पुकारणार. आणि रिकाम्या खोलीत माझा आवाज लागत नाही. समोर माणसं पायजेत. तिकिटं घेऊन."

"काका, नुसतं रेकॉर्डिंग आहे हो."

"मग नुसतं तुझ्याच आवाजात कर ना. मी ऐकलंय ते. सरोजिनीला वाटलं कोण गेलं."

सरोजिनीकाकूंनी आतून "मी घाबरलेच होते" असा दुजोरा दिला.

अशा रीतीने मार्च महिन्यात, कोणताही सण नसताना, आमच्या वाडीत हौजी झाली. मी बक्षिसाला श्रीखंडाचे डबे आणले. गॅलरीत सतरंज्या पडल्या. काका इस्त्रीचा झब्बा घालून बसले आणि मी त्यांच्या तोंडापुढे फोन धरून प्रत्येक आकड्याला बटण दाबू लागलो. एकदा भरलेला आकडा पुसून पुन्हा भरायची सोय होती, पण काकांना नव्हती. "पुकारलेला आकडा परत पुकारायचा नसतो, भांडणं होतात," ते म्हणाले.

त्यामुळे जे आलं ते फोनमध्ये गेलं. सदतीसच्या शेवटी सरोजिनीकाकूंचं "चहा कोणाकोणाला?" आलं. पंचेचाळिसावर कुकरची शिट्टी झाली. चौऱ्याहत्तरला उन्मेष "लाईन! लाईन! अरे थांबा!" असं ओरडला आणि तपासल्यावर त्याची लाईन झालेलीच नव्हती, पण फोनमध्ये ती कायमची झाली. फुल हाऊस झाल्यावर तर मोठीच अडचण. डब्यात सतरा गोट्या शिल्लक होत्या आणि सगळे उठून श्रीखंडाकडे निघाले. फुल हाऊसनंतरचे आकडे कोणी ऐकत नाही, ही जगरहाटी आहे. ते सतरा आकडे काकांनी रिकाम्या सतरंज्यांना पुकारले. त्यांत ते अतिशय एकाकी वाटतात. "डब्यातला शेवटचा... नव्वद" हा तर ऐकवत नाही.

चिन्हं मनवाने काकांबरोबर बसून ठरवली. अधिक म्हणजे "आले!", उणे म्हणजे "गेले!" वर्ग म्हणजे "डोक्यावर दोन!" आणि कंसाला "दार उघडा!", "दार लावा!" कारण कंसातल्यांचं आधी निस्तरायचं, बाहेरच्यांनी दार लागेपर्यंत थांबायचं, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी तेच गेली दोन वर्षं सांगत होतो. असो.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात फोनमधली बाई आणि काका यांचा संसार सुरू झाला. "एका दुकानदाराने," बाई शांतपणे सांगायची, "सासू-सून, छत्तीस!" काका कडाडायचे, "पेन्सिली आणल्या, त्यांपैकी," बाई, "बोलणं बंद, दोन!" काका; "हरवल्या." मनवा पोट धरून हसायची आणि मग उत्तर काढायची. चुकलं की पुन्हा ऐकायची, पुन्हा हसायची. गणिताचा आवाज येतोय आणि कोणी रडत नाही, हे दुर्गाला इतकं नवीन होतं की ती भांडी घासायची थांबून दारात उभी राहायची.

आता फक्त शाळेची परवानगी राहिली होती. हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत लिहीत आहे.

मुख्याध्यापक केळुसकर सरांनी परिपत्रक काढलं. "वाचनिक, असं म्हटलंय यात. वाचनिक म्हणजे व्यक्ती. यंत्राचा उल्लेख नाही."

"नको असाही उल्लेख नाही, सर."

"जे नको त्याचा उल्लेख करायचा तर परिपत्रक केवढं होईल?" ते म्हणाले. मग मनवाकडे बघून जरा सैल झाले. "ठीक आहे. आम्हाला ऐकवा. हे यंत्र वाचतं की सांगतं, ते आधी ठरू दे."

ठरल्या दिवशी मी, मनवा, काका आणि काकू शाळेत गेलो. काकांना नेणार नव्हतो, पण "आवाज माझा, मी नको?" असं म्हणत ते चप्पल घालून उभे राहिले, आणि काकांना एकटं कुठे पाठवायचं नाही असा काकूंचा नियम आहे. केबिनमध्ये सर होते, गणिताच्या सुचित्राबाई होत्या आणि दाराशी शिपाई चंदू. सुचित्राबाईंनी मुद्दाम कंसात कंस असलेलं उदाहरण काढलं. मनवाने फोटो घेतला.

"सोडवा," फोनमधली बाई म्हणाली.

"दार उघडा!" काका गरजले.

चंदूने दार उघडलं.

"बोलणं बंद, दोन!" सुचित्राबाई दचकून गप्प झाल्या. "दार उघडा!" दार उघडंच होतं, चंदूने ते भिंतीला टेकेपर्यंत आणखी उघडलं. "एक्स," बाई म्हणाली. "गेले! पोट खाली, सहा! दार लावा!" चंदूने लावलं. "आले!" चंदूने परत उघडून कोण आलं ते बघितलं. "सदतीस! चहा कोणाकोणाला?"

"सहा सांगू का, सर?" चंदूने विचारलं.

"दार लावा!" हे फोन म्हणाला की सर, ते माझ्या अजून लक्षात येत नाही.

चहा आला. तो आल्यामुळे वातावरण निवळेल असं मला वाटलं होतं. सुचित्राबाईंनी कप खाली ठेवला.

"सर, गंमत सोडा. 'दार उघडा' म्हणजे कंस सोडवा. ही पद्धत सांगणं झालं. उद्या हे गृहस्थ उत्तरही सांगतील."

मनवाचा चेहरा मिटला. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात काका उभे राहिले. खरे काका.

"बाई, हौजी पुकारणाऱ्याने तिकीट घ्यायचं नसतं. बत्तीस गणपती झाले, मी तिकीट हातात धरलं नाही. समोर ही बसलेली असते," त्यांनी काकूंकडे बोट केलं, "एका आकड्यासाठी अडलेली. मला दिसतो तो आकडा. तिचे डोळे दिसतात. तरी जो हाताला लागेल तोच पुकारतो. घरी गेल्यावर काय ऐकून घ्यावं लागतं ते माझं मला. आणि मी एका पोरीला उत्तर सांगेन?"

"एकदा नाही पुकारला यांनी माझा," काकू म्हणाल्या. "दोन वेळा बक्षिसाचा कुकर गेला हातचा."

केळुसकर सरांनी परिपत्रक उलटून मागची बाजूही बघितली. ते मूळचे ठाकूरद्वारचे. चाळीत हौजी खेळून मोठे झालेले. "हे यात नाही," ते शेवटी म्हणाले, "पण बरोबर आहे. परवानगी देतो. वेगळ्या वर्गात बसेल, कानात काही घालायचं नाही, आवाज मोठा ठेवायचा, समोर सुचित्राबाई. चहा काढून टाका. आणि यंत्राने पेपरात नसलेला एकही आकडा उच्चारला, की यंत्र बंद आणि परवानगी रद्द. चालेल?"

"चालेल," मनवा म्हणाली. आमच्यापैकी कोणालाही बोलू न देता.

चहा काढायला सदतीस पुन्हा पुकारावा लागणार होता. तत्त्वाचा प्रश्न होता. काकांनी एक रात्र विचार केला आणि सकाळी ती गोटी डब्यात टाकून, डबा हलवून, पुन्हा काढून मगच पुकारली.

परीक्षेच्या दिवशी मी आणि काका त्या वर्गाबाहेरच्या बाकावर बसलो. आत मनवा, सुचित्राबाई आणि फोन. दाराशी चंदू, त्याला सरांनी बजावलं होतं की आज आतून कोणी काहीही म्हटलं तरी दाराला हात लावायचा नाही. आवाज मोठाच होता. स्वतःचं गणित ऐकताना काका प्रत्येक आकड्याला किंचित मान डोलवत होते, गवई स्वतःची जुनी ध्वनिमुद्रिका ऐकतो तसे. पंचेचाळिसाची शिट्टी झाली तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "भात होता ना त्या दिवशी?"

चौथा प्रश्न आला. "एका त्रिकोणाचे दोन कोन अनुक्रमे एकशे दहा," बाई म्हणाली, कारण नव्वदापुढचे आकडे तिच्याकडेच राहिले होते, आणि मग काका, अतिशय उदास: "डब्यातला शेवटचा... नव्वद." "अंश आहेत, तर तिसरा कोन काढा."

मनवाने पुन्हा लावलं. पुन्हा लावलं. पाचव्यांदा नव्वद ऐकताना बाकावरच्या काकांनी छातीवर हात ठेवला.

"थांब," सुचित्राबाईंचा आवाज आला. "नव्वद? हा पेपर मी काढलाय. तिथे चाळीस आहे. नव्वद नाही."

मी बाकावरून उठलो. पेपरात नसलेला आकडा. काका पांढरे पडले. "मी पुकारला?" ते पुटपुटले. "डब्यात नसलेला?"

"बाई, काका नव्वदच म्हणतायत," मनवा आत म्हणत होती. "मी काढून बघितला. एक रेघ अशी सरळ वर जाते, दुसरी बाहेर पडते. त्रिकोण मिटतच नाहीये."

"मिटणार कसा? यंत्र चुकीचं वाचतंय. बंद कर ते."

"बाई, एकदा तुम्ही कागद बघा ना. मला नाही सांगता येत हा कुठला आकडा आहे. मला फक्त ऐकू येतं. तुम्हाला दिसतं."

आत कागदाचा आवाज. मग सुचित्राबाई, अगदी वेगळ्या आवाजात: "अगं बाई." आणि लगेच, "चंदू! दार उघड! सरांना बोलाव!"

चंदू हलला नाही.

"चंदू! दार उघड म्हणते ना!"

"माहीत आहे तुमचं," चंदू दाराला पाठ लावून शांतपणे म्हणाला. शेवटी मीच त्याला बाजूला करून दार ढकललं.

सुचित्राबाईंनी तो पेपर छपाईला जाण्याआधी तीनदा तपासला होता आणि तिन्ही वेळा त्यांना तिथे चाळीस दिसला होता, कारण त्यांना चाळीस हवा होता. छापलेला नव्वदच होता. केळुसकर सर धावत आले. बाकीच्या वर्गांत चौकशी केली तर चाळीसएक मुलांनी तिसरा कोन उणे वीस अंश काढून खाली दोन रेघाही मारल्या होत्या. एकाने फक्त "सॉरी" लिहिलं होतं. सरांनी शाळेच्या ध्वनिक्षेपकावरून दुरुस्ती वाचून दाखवली आणि सगळ्यांना दहा मिनिटं वाढवून दिली.

जाताना ते मनवाच्या बाकापाशी थांबले. "यंत्र चालू ठेव," म्हणाले. "बाई, तुम्ही तिला किती वेळा ऐकायचं ते ऐकू द्या."

मनवाने चौथा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून काढला. बाकावरून मला तिची पट्टी सरकल्याचा आवाज येत होता.

निकालाच्या दिवशी ती पास होती. काठावर नाही; काठापासून चांगली आत. दुर्गा रडली, मनवा मैत्रिणींना फोन लावत गॅलरीत पळाली, आणि मी पेढे घेऊन खाली उतरलो, तर तळमजल्यावर आधीच पेढे वाटले जात होते. काका इस्त्रीचा झब्बा घालून दारात उभे होते आणि वाडी त्यांच्याशी हस्तांदोलन करत होती. "अभिनंदन, रमाकांत!" "आम्हाला खात्री होती!" कोणीतरी हार आणला होता.

"काका," मी जरा कोरडेपणाने म्हणालो, "पास मनवा झाली आहे."

"ती होणारच होती रे. हुशार पोर आहे." काकांनी माझ्या तोंडात पेढा कोंबला आणि डोळे पुसले. "मी नववीला दोनदा बसलो होतो, हेरंब. दोन्ही वेळा गणितात गेलो. नंतर संध्याकाळच्या शाळेत कशीतरी अकरावी मॅट्रिक केली, पण नववीचं गणित राहिलंच. हे तिसऱ्यांदा."

सरोजिनीकाकूंनी माझ्यापुढे पेढ्यांचं ताट धरलं. "घे अजून एक," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी सुटले बिचारे."